आधी कोर्टवर, मग बरी

बास्केटबॉलच्या टीममध्ये परत आले तेव्हा मी घाबरण्याच्या त्रासातून बरी झालेली नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटणारा प्रत्येक जण "आता पूर्ण बरी आहेस ना गं?" असं विचारतो आणि मी "हो" म्हणून सुटका करून घेते. खरा क्रम उलटा होता. घाबरणं चालू असतानाच मी कोर्टवर गेले, घाबरतच पास दिले, त्यातले काही थेट समोरच्या टीमच्या हातात दिले, आणि हे करता करता घाबरणं कमी होत गेलं. पूर्ण गेलेलं नाही.

मी मूळची सांगलीची, पुण्यात शिकते, कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये पॉइंट गार्ड आहे. उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे "तू? आणि बास्केटबॉल?" हे ऐकायची सवय आहे. गार्डने बॉल पुढे न्यायचा, कोण कुठे मोकळी आहे ते हेरायचं आणि चोवीस सेकंदांत टीमला शॉट मिळवून द्यायचा. डोकं थंड लागतं म्हणतात. माझं होतं. शाळेपासून जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धा खेळले. मॅचआधी पोटात गोळा यायचा, पण पंचांनी बॉल वर उडवला की निघून जायचा. म्हणूनच पुढे जे झालं ते मॅचचं टेन्शन असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्यांदा झालं ते खेळताना नाही, बेंचवर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची मॅच, तिसरा क्वार्टर. सरांनी मला दम खायला बाहेर घेतलं. धावताना माझी नाडी 180 च्या आसपास जाते, त्याचं कधी काही वाटलं नाही. बसलं की उतरते. त्या दिवशी उतरेना. पंखा बंद करावा आणि तो आणखी जोरात फिरायला लागावा, तसं छातीत चाललं होतं. बोटांना मुंग्या, ओठ बधिर. शेजारी बसलेली मुलगी काहीतरी बोलत होती, तिचे ओठ दिसत होते, शब्द पोचत नव्हते. मी बाटली शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकले आणि वाकूनच राहिले. आपण आता इथे, सगळ्यांसमोर मरणार, याबद्दल मनात जराही शंका नव्हती. सर म्हणाले, "चल, आत जा." मी मान हलवून नाही म्हटलं. सरांना नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. तेही गोंधळले आणि दुसरीला पाठवलं.

मग डॉक्टर. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन. थायरॉइड बघतात कारण ते वाढलं तरी अशीच धडधड होते, हात थरथरतात. सगळं ठीक निघालं, हिमोग्लोबिन जरा कमी, ते आमच्या टीममध्ये बहुतेकींचं असतं. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस," म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. रिपोर्ट चांगले आल्यावर माणूस खूश होतो. मला उलट वाटलं: म्हणजे हे काय आहे ते यांनाही कळलेलं नाही.

पुढचे महिने पटकन सांगते, कारण ते एकसुरी होते. कॅन्टीनमध्ये दाराजवळची जागा. पीएमपीच्या बसमध्ये उतरायच्या दाराजवळ उभं राहणं. लेक्चरला शेवटचा बाक. मनगटावर पल्स दाखवणारं घड्याळ, आणि त्याकडे दर मिनिटाला एक नजर. सगळ्यात विचित्र म्हणजे मला धावायचीच भीती वाटायला लागली. धावलं की छाती धडधडते, आणि धडधड म्हणजे तो प्रकार सुरू. वर्षानुवर्षं लाइन ड्रिल (कोर्टच्या एकेका रेषेपर्यंत पळत जाऊन परत येणं) मारलेली मुलगी हॉस्टेलचा जिना हळूहळू चढायला लागली, नाडी वाढू नये म्हणून. रात्री प्रॅक्टिसच्या विचाराने झोप यायची नाही, सकाळी झोप झाली नाही म्हणून प्रॅक्टिसला जायचं नाही.

टीमला कारण काय सांगायचं? सरांनीच सुचवलं, "गुडघा म्हण." त्यांचा हेतू वाईट नव्हता. गुडघ्याला मान असतो. पट्टी बांधून साइडलाइनला बसलेल्या खेळाडूला सगळे विचारपूस करतात, एखादी बॅग उचलते, कोणी "नाटक करते" म्हणत नाही. मी निळी नी-कॅप चढवून बसायला लागले. एक दिवस कॅप्टन म्हणाली, "ए, काल उजवा होता ना तुझा?" मी तिसऱ्याच विषयावर बोलायला लागले. तिनेही पुढे ताणलं नाही. नंतर कळलं की ते तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं.

घरी आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाबा म्हणाले, खेळ सोड, शेवटचं वर्ष जवळ आलंय, अभ्यास कर. दोघांवर राग नव्हता. सांगलीतल्या घरात हे नक्की कोणत्या खान्यात टाकायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. मीही ताप, फ्रॅक्चर आणि "मनाला लावून घेणं" एवढे तीनच खाने घेऊन वाढले होते.

वळण एका जुन्या बातमीमुळे आलं. केव्हिन लव्ह हा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला मोठा खेळाडू, 2016 साली क्लीव्हलँड कॅव्हलिअर्सबरोबर विजेतेपद मिळवलेला. नोव्हेंबर 2017 मध्ये अटलांटाविरुद्धच्या सामन्यात टाइमआउटला तो बेंचकडे आला आणि त्याचं हृदय जोरात धावायला लागलं. श्वास घेता येईना. तो कोर्ट सोडून आत गेला आणि ट्रेनिंग रूममध्ये जमिनीवर पडून राहिला. हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, सगळ्या ठीक. मार्च 2018 मध्ये त्याने हे सगळं स्वतः लिहून जाहीर केलं; त्याच्या थोडंच आधी टोरंटोकडून खेळणारा डीमार डीरोझन आपल्या नैराश्याबद्दल बोलला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्या धैर्यामुळे वगैरे नाही. टाइमआउट, तिसरा क्वार्टर, बेंच! खेळताना नाही, थांबल्यावर. सहा फूट आठ इंचांचा माणूस आणि मी, दोघांना एकाच ठिकाणी झालं होतं. या प्रकाराला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

अमेरिकेत सगळं छान आहे असं म्हणायचं नाही. रॉयस व्हाइटचं प्रकरणही मी तेव्हाच वाचलं. आयोवा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू, 2011-12 च्या मोसमात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाचही बाबतींत आपल्या टीममध्ये पहिला. त्याला चिंतेचा विकार होता आणि विमानाची भीती, हे त्याने लपवलं नव्हतं. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ह्यूस्टनने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलंही. पण उपचार आणि प्रवास कसा असावा यावरून वाद झाले, आणि एनबीएत तो एकूण तीन सामने खेळला, तेही दुसऱ्या संघाकडून. लव्हने लिहिल्यानंतर वारं बदललं. 2019-20 च्या मोसमापासून एनबीएच्या प्रत्येक संघाला मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ उपलब्ध ठेवणं बंधनकारक झालं. आमच्याकडे फिजिओसुद्धा स्पर्धेच्या आठवड्यापुरता येतो.

एका रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला. 14416, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटायला सांगितलं. आईला कळवलं तेव्हा ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "मी येते पुण्याला." ती आली, स्वारगेटला उतरली आणि थेट दवाखान्यात आली, डब्यात भाकरी घेऊन.

डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम हे चिंतेवरचं औषध सुरू केलं, कमी डोसने. आठवडाभर मळमळ आणि आणखीच अस्वस्थ. त्यांनी हे आधी सांगितलं होतं म्हणून सोडलं नाही. या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. माझा पहिला प्रश्न मात्र डोपिंगचा होता. डॉक्टर हसले, पण प्रश्न योग्य आहे म्हणाले. हे औषध वाडा (WADA) या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नाही. धडधड कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकरवर नेमबाजी आणि तिरंदाजीत बंदी आहे, कारण तिथे हात स्थिर राहण्याचा फायदा होतो. बास्केटबॉलमध्ये नाही. पण मला लहानपणी दमा होता, त्यामुळे तो पर्याय त्यांनी बाजूलाच ठेवला.

गोळीने झोप परत आली. कोर्टवर परत आणलं ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी. मला वाटलं होतं त्या बालपणाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "भीती वाटते तेव्हा तू काय काय करतेस?" मी सांगत गेले: दाराजवळ बसते, घड्याळ बघते, बाटली जवळ ठेवते, जिना हळू चढते. त्या म्हणाल्या, "यातल्या प्रत्येक गोष्टीमुळे तुला वाटतं की आपण वाचलो ते हिच्यामुळे." मला ते पटायला वेळ लागला. बाटली सोडणं म्हणजे जीव सोडणं, इथवर मी पोचले होते.

शरीराचं गणित त्यांनी समजावलं ते खेळाडूला कळेल असं. घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ऑक्सिजन कमी पडत नसतो. धावताना हृदय जसं जोरात पळतं तसंच घाबरल्यावरही पळतं, ॲड्रिनलिन तेच. फरक एवढाच की धावताना पाय कामात असतात आणि नजर बॉलवर. बेंचवर पाय रिकामे, नजर रिकामी. मग सगळं लक्ष छातीकडे जातं, आणि लक्ष गेलं की ती आणखी धडधडते.

मग सुरू झाले प्रयोग. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं. जिना पळत चढायचा. म्हणजे जी लक्षणं टाळण्यासाठी मी जीव पणाला लावला होता, ती मुद्दाम आणायची, भीती दहापैकी किती ते लिहायचं, आणि काहीही न करता थांबायचं. स्ट्रॉच्या वेळी मी रडले. फिरत्या खुर्चीत हसायला आलं, कारण मॅडमना माझ्याआधी चक्कर आली.

माझ्यासाठी त्यांनी एक खास प्रयोग आखला. पहाटे रिकाम्या कोर्टवर लाइन ड्रिल मारायची, पूर्ण वेगाने, आणि मग बेंचवर बसायचं. घड्याळ नाही, बाटली नाही, फोन नाही, उठून फेऱ्या मारणंही नाही. फक्त बसायचं आणि छातीला जे करायचं ते करू द्यायचं. पहिल्या वेळी मी बेंचच्या कडा दोन्ही हातांनी पकडल्या होत्या. भीती दहापैकी नऊ. ती चढत गेली, चढत गेली, आणि मग कोणी काही न करता उतरायला लागली. लाट ओसरते हे मला दहा जणांनी सांगितलं होतं. सांगण्याचा उपयोग शून्य. रोज तेच केलं. एका सकाळी बसल्या बसल्या नाश्त्याला मेसमध्ये पोहे असतील की उपमा हा विचार डोक्यात आला, आणि मग लक्षात आलं की छाती अजून धडधडतेच आहे आणि मी तिच्याकडे बघत नाहीये.

त्यानंतर सरांकडे गेले. परतीची चढण मॅडमनी कागदावर लिहून दिली होती: आधी फक्त शूटिंग, मग टीमबरोबर ड्रिल, मग आपापसातला खेळ, मग मॅचला किट घालून बेंच, मग काही मिनिटं. सरांनी तो कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, "गुडघ्याची एसीएल फाटल्यानंतर पण असंच करतात की." मला तेवढं पुरलं. त्यांनी एकच अट घातली: गुडघ्याचं नाटक बंद, टीमला तू सांगायचं. ज्यांनी गुडघा दिला त्यांनीच काढून घेतला.

प्रॅक्टिसनंतर सगळ्या बूट काढत बसल्या होत्या तेव्हा सांगितलं. मनात मोठं भाषण तयार होतं, बाहेर चार वाक्यं आली. दोघी-तिघी मायेने बघायला लागल्या, ते मला नको होतं. आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच मुलगी, म्हणाली, "म्हणजे मॅचमध्ये तुला बॉल द्यायचा का नाही? ते सांग." त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. मी म्हटलं, द्यायचा.

खरा त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. सर माझ्याशी मऊ वागायला लागले. इतरांच्या हातून बॉल सुटला की संपूर्ण मैदान दणाणायचं, माझ्या हातून सुटला की "काही हरकत नाही, चालू दे." मला ओरडा खायची इतकी आस लागेल असं कधी वाटलं नव्हतं. ज्याच्यावर सर ओरडत नाहीत त्याच्याकडून त्यांची अपेक्षा नसते, हे आमच्या टीममध्ये पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. शिवाय त्यांनी एक खूण ठरवून दिली होती: त्रास झाला तर डोक्यावर हात ठेव, मी लगेच बाहेर घेतो. मॅडमच्या कानावर घातलं तर त्या म्हणाल्या, सरांचे आभार मान, पण ही खूण म्हणजे नवी बाटलीच आहे; कधीतरी सोडावी लागेल. दोघंही माझ्या भल्याचं सांगत होते आणि दोन विरुद्ध गोष्टी सांगत होते. मी खूण ठेवली. तेव्हा तेवढी हिंमत नव्हती.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धा आधी विभागांत होतात: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक. शहरातल्या एका मॅचमध्ये सरांनी मला दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवलं. पहिलीच पझेशन, म्हणजे बॉल आमच्याकडे असतानाची खेळी, बरी गेली. मग फाउल झाला आणि मला दोन फ्री थ्रो. हा बास्केटबॉलमधला सगळ्यात वाईट क्षण, चांगल्या दिवशीसुद्धा. बाकी खेळात कोणी तुमच्याकडे बघत नसतं, इथे सगळे थांबून बघतात आणि पंचांनी बॉल दिल्यावर पाच सेकंदांत मारायचा. पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा आत. परत डिफेन्सला पळताना बोटांना मुंग्या आल्या.

मी डोक्यावर हात ठेवला.

सरांनी पाहिलं, बदली खेळाडू टेबलाजवळ जाऊन बसली. पण बदली करायला खेळ थांबावा लागतो. शिट्टी वाजल्याशिवाय कोणी आत येत नाही, कोणी बाहेर जात नाही. आणि त्या दिवशी शिट्टी वाजेना. त्यांचा शॉट चुकला, रिबाउंड आमचा, बॉल माझ्याकडे. सेंटरने हात वर केला, तिला दिला, बास्केट. परत उलटं. त्यांच्या गार्डच्या मागे पळ, स्क्रीन (वाट अडवून उभी राहिलेली त्यांची खेळाडू) चुकव, बोल, ओरड, "डावीकडे, डावीकडे!" परत आमचा बॉल. मुंग्या होत्या, छाती होती, सगळं होतं, पण पाय कामात होते. एकदा बॉल बाहेर जाईल असं वाटलं, आमच्याच मुलीने झेप घेऊन आत ठेवला. त्या क्षणी मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी फाउल झाला, हॉर्न वाजला, माझ्या नावाने बदली. आणि मला राग आला. मी टेबलाकडे बघून "नको, नको" असं हाताने सांगत होते. सरांनी ऐकलं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

बेंचवर बसले. नाडी उतरायला वेळ लागला, पण मी स्कोअरबोर्ड बघत होते. काही वेळाने सर न बघता म्हणाले, "तो स्क्रीनवरून पास कोणाला दिलास? भूताला?" जोरात म्हणाले, पलीकडच्या बेंचला ऐकू जाईल एवढ्या.

चौथ्या क्वार्टरमध्ये परत उतरले. ती मॅच आम्ही हरलो. खूण पुढे तशीच राहिली, वापरली गेली नाही, आणि मोसम संपेपर्यंत सरही ती विसरले असावेत.

त्रास अजून होतो. नाशिकला जाताना घाटात गाडी बराच वेळ थांबली तेव्हा झाला, एकदा तोंडी परीक्षेच्या रांगेत झाला. डॉक्टरांनी डोस अर्ध्यावर आणलाय. बंद करायचा निर्णय घाईने घ्यायचा नाही असं ठरलंय. पल्सचं घड्याळ धाकट्या भावाला दिलं, तो त्यावर पावलं मोजतो आणि आईशी पैज लावतो.

विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीला यंदा गेले होते. निवड झाली नाही. यादी लागल्यावर मी निवड समितीतल्या मॅडमना गाठून कारण विचारलं. मनात एक भीती होतीच: यांना कोणी सांगितलं तर नसेल? त्या म्हणाल्या, "तुला डावीकडे ढकललं की तू बॉल उजव्या हातात घेतेस. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं." बरोबर आहे, शाळेपासूनची खोड आहे. सध्या सकाळी उजवा हात पाठीमागे धरून डाव्याने लेअप (बास्केटजवळ पळत जाऊन टाकायचा शॉट) मारतेय, बरेचसे बॅकबोर्डच्या कडेला आपटतात, आणि पुढच्या चाचणीला अजून वर्ष आहे.